गाठ आहे, कर्करोग नाही – अजून तरी

मूतखड्याच्या संशयावरून पोटाचा सीटी स्कॅन होतो. खडा सापडतो किंवा सापडत नाही. पण रिपोर्टच्या तळाशी भलतीच एक ओळ असते. स्वादुपिंडाच्या मानेशी १४ मिलिमीटरची सिस्ट, 'साइड ब्रँच आयपीएमएन'ची शक्यता, एमआरसीपी, म्हणजे नलिका दाखवणारा एमआरआय, करून घेण्याचा सल्ला. रुग्णाला पोटात काही होत नसतं, भूक शाबूत असते, वजन घटलेलं नसतं. घरातलं कुणीतरी ती अक्षरं मोबाइलवर टाकून बघतं आणि 'कर्करोगपूर्व' हा शब्द समोर येतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल लोकांनी जे ऐकलेलं असतं ते खोटं नाही. अमेरिकेतल्या अलीकडच्या आकडेवारीत निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे घरचे विचारतात, 'कधी काढायची?' काढायची का, हे कुणी विचारत नाही. गेली चाळीसेक वर्षं या गाठींवर जगभर जे काम झालं, त्यातलं बरंचसं या न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतं आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. स्वादुपिंडातून रोज लिटर-दीड लिटर पाचकरस एका मुख्य नलिकेतून आतड्यात उतरतो. तिला डोंगरउतारावरच्या ओढ्यांसारख्या लहान लहान उपनलिका मिळत जातात. यकृतातलं पित्तही अशाच नलिकांच्या जाळ्यातून खाली येतं, आणि बहुतेकांत या दोन्ही वाटा आतड्याच्या एकाच तोंडाशी संपतात. दोन्ही नलिकांना आतून पेशींचा एकेरी थर असतो आणि तो थोडा चिकट द्रव, म्हणजे म्युसिन, स्वतःच्या रक्षणासाठी बनवतो. म्युसिन हे साखरेच्या साखळ्या लगडलेलं प्रथिन. ते पाणी धरून ठेवतं, फुगतं आणि घट्ट होतं. या गाठींमध्ये तो एकेरी थर बोटांसारख्या उंचवट्यांनी नलिकेत वाढू लागतो आणि म्युसिन अमर्याद ओतू लागतो. मग नलिका तुंबते, फुगते, तिच्यामागचा अवयव हळूहळू वाळतो. पुष्कळदा रुग्णाला त्रास होतो तो या तुंबण्याचा: अधूनमधून स्वादुपिंडाला सूज, नव्यानं उपटलेला मधुमेह, तेलकट शौच. पित्तनलिकेत असेल तर कावीळ आणि ताप.

स्वादुपिंडातल्या अशा गाठीला आयपीएमएन म्हणतात. पित्तनलिकेतली तिची बहीण आयपीएनबी. या दोघींशी नेहमी गल्लत होते ती तिसरी म्हणजे म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम, थोडक्यात एमसीएन. एमसीएनमध्येही म्युसिनच भरतं, पण नलिकेशी तिचा संबंध नसतो. ती जवळपास फक्त स्त्रियांमध्ये, बहुधा चाळिशी-पन्नाशीत, स्वादुपिंडाच्या धडात किंवा शेपटीत होते, आणि तिच्या भिंतीत बीजांडकोशासारखा पेशीसमूह दिसतो. स्वादुपिंडात बीजांडकोशाचं ऊतक का असावं, याचं उत्तर गर्भावस्थेत शोधलं जातं. त्या काळात भावी जननग्रंथी आणि स्वादुपिंडाची शेपटी अगदी शेजारी असतात. हा शेजार खरं कारण असेलही. पण ते सिद्ध झालेलं नाही.

आयपीएमएनची गोष्ट सुरू होते ती जपानमध्ये. १९८२ साली टोकियोच्या काझुहिको ओहाशी आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणून निदान झालेले हे चौघं, पण त्यांचा आजार नेहमीसारखा वागत नव्हता. नलिका प्रचंड फुगलेली, आतड्यातलं तिचं तोंड सताड उघडं, त्यातून चिकट द्रव झिरपतो आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णांची प्रकृती अपेक्षेपेक्षा पुष्कळ बरी. एंडोस्कोपीवाले त्या उघड्या तोंडाला आजही 'फिश माउथ' म्हणतात. हा शोध जपानमध्ये लागण्यात नवल नाही. तोंडावाटे नळी घालून स्वादुपिंडाच्या नलिकेत रंगद्रव्य सोडण्याचं ईआरसीपी हे तंत्र १९७० च्या सुमारास तिथे झपाट्यानं रुजलं होतं; नलिकेच्या तोंडाशी जाऊन प्रत्यक्ष बघणारे डॉक्टर तिथे भरपूर होते. इतरत्र याच रुग्णांना वर्षानुवर्षं 'जुनाट स्वादुपिंडदाह' असं लेबल लागत होतं. पुढची चौदा वर्षं प्रत्येक देशानं या आजाराला आपापलं नाव दिलं, आणि १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं एकदाचं आयपीएमएन हे नाव पक्कं करून एमसीएनला वेगळं काढलं.

खरी विभागणी जागेवरून ठरते. मुख्य नलिकेतली आयपीएमएन धोक्याची. शस्त्रक्रियेनं काढलेल्या अशा गाठींमध्ये सुमारे ६० टक्क्यांत कर्करोग किंवा त्याच्या अगदी उंबरठ्यावरचा बदल आढळतो. उपनलिकेतल्या, म्हणजे 'साइड ब्रँच', गाठींमध्ये हेच प्रमाण सुमारे २५ टक्के. दुसरा आकडा ऐकून कुणीही घाबरेल. पण तो 'काढलेल्या' गाठींमधला आहे, आणि काढल्या जातात त्या आधीच संशयास्पद वाटलेल्या गाठी. न काढलेल्या, रिपोर्टच्या तळाशी सापडलेल्या गाठींना तो लावणं म्हणजे रुग्णालयात दाखल झालेल्यांवरून अख्ख्या गावाच्या तब्येतीचा अंदाज बांधणं. ही चूक लोकच करतात असं नाही, डॉक्टरांच्या संभाषणातही ती सर्रास ऐकू येते.

मग न काढलेल्या किती? इथे आकडे गोंधळात टाकतात, कारण जितकं यंत्र चांगलं तितक्या सिस्ट जास्त. जॉन्स हॉपकिन्समध्ये २००८ साली इतर कारणांसाठी केलेले २,८३२ सीटी स्कॅन तपासले, तर २.६ टक्के लोकांत सिस्ट निघाल्या. ऐंशीच्या घरातल्यांमध्ये हे प्रमाण ८.७ टक्के होतं. एमआरआय वापरला की आकडा १० टक्क्यांच्या वर जातो. जर्मनीच्या पोमेरानिया भागात सामान्य लोकांवर एमआरसीपी केली, तेव्हा २०१८ च्या अहवालानुसार ४९.१ टक्के लोकांत कुठली ना कुठली सिस्ट दिसली. जपानमध्ये वातारू किमुरांनी १९९५ सालीच ३०० वृद्धांच्या शवविच्छेदनात जवळपास चौथ्या हिश्श्यात लहान सिस्ट दाखवल्या होत्या. ती माणसं दुसऱ्याच कशानं तरी गेली होती. स्वादुपिंडाचा कर्करोग मात्र तितका वाढलेला नाही. म्हणजे या सिस्टमधल्या बहुसंख्य आयुष्यभर काही करत नाहीत. आणि तरीही स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याआधी त्याला पकडता येईल अशी जी मोजकी खिडकी वैद्यकाला मिळाली आहे, ती हीच. नेहमीचा स्वादुपिंडाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा बदलांतून उगवतो, स्कॅनवर तो आधी दिसत नाही. आयपीएमएन दिसते. अडचण एवढीच की ती फारच जास्त जणांत दिसते.

या अडचणीवर नियम बसवण्याची खटपट जपानच्या मासाओ तानाका यांच्या पुढाकारानं सुरू झाली. सेंदाई शहरात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून २००६ साली पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली. तिचा सूर सरळ होता: मुख्य नलिकेतली गाठ काढा, एमसीएन काढा, उपनलिकेतली ३ सेंटिमीटरच्या वर गेली किंवा त्रास देऊ लागली तरी काढा. दहा वर्षांच्या आत लक्षात आलं की ३ सेंटिमीटर या एका आकड्यापायी कित्येकांची निरुपद्रवी गाठ काढली गेली. २०१२ च्या फुकुओका मार्गदर्शिकेनं हा आकडा 'काढा' या रकान्यातून 'लक्ष ठेवा' या रकान्यात हलवला. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा बदल तो, कारण पहिल्यांदाच आकारापेक्षा गाठीचं वागणं महत्त्वाचं ठरलं. २०१७ ची सुधारणा आणि २०२२ च्या क्योतो बैठकीतून निघालेली २०२४ ची आवृत्ती त्याच वाटेनं पुढे गेली.

आजची विभागणी अशी. काही खुणा दिसल्या की शस्त्रक्रियेचा विचार लगेच व्हावा: स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीमुळे आलेली कावीळ, गाठीच्या आत ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, रक्तपुरवठा असलेला उंचवटा, १० मिलिमीटर किंवा अधिक फुगलेली मुख्य नलिका, आणि काढलेल्या द्रवात संशयास्पद पेशी. यांच्या खालची पायरी काळजीच्या खुणांची: नलिका ५ ते ९ मिलिमीटरच्या दरम्यान, गाठ ३ सेंटिमीटर किंवा वर, जाड झालेली भिंत, रक्तातलं सीए १९-९ हे कर्करोगसूचक द्रव्य वाढलेलं, स्वादुपिंडदाहाचा झटका, वर्षभरात नव्यानं सुरू झालेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेह, वर्षाला अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ. यातली एखादी असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे जठरात उतरवलेल्या नळीच्या टोकावरून जवळून केलेली सोनोग्राफी. काहीच नसेल तर ठरावीक अंतरानं स्कॅन. क्योतोच्या नियमात २ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला सहा महिन्यांनी एकदा, आणि तिच्यात बदल नसेल तर पुढे दर दीड वर्षानं पाहायचं आहे. पाच वर्षं काहीच हललं नाही तर थांबण्याचा पर्यायही आहे.

या थांबण्यावर सगळ्यात जोरदार भांडण झालं. २०१५ साली अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशननं पाच वर्षांनंतर तपासण्या बंद कराव्यात असं सुचवलं, आणि आपल्या शिफारशींमागचा पुरावा अतिशय कमकुवत आहे हे स्वतःच लिहिलं. टीका झाली. पाच वर्षांनी टोकियो विद्यापीठातून उपनलिकेतल्या आयपीएमएनच्या १,४०४ रुग्णांचा अभ्यास आला. कर्करोगाचं प्रमाण पाच वर्षांत ३.३ टक्के, दहा वर्षांत ६.६ आणि पंधरा वर्षांत १५ टक्के निघालं. आलेख सपाट होत नव्हता, वाढतच होता. त्यातही मला अधिक अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे: कर्करोग झालेल्या ६८ जणांपैकी ३० जणांचा कर्करोग त्या गाठीतून उगवलाच नव्हता. तो त्याच स्वादुपिंडात दुसरीकडे, नेहमीच्या पद्धतीनं झाला होता. म्हणजे गाठ ही नुसती पुढे बिघडू शकणारी जागा नाही, अख्खं स्वादुपिंड जोखमीचं असल्याची ती खूण आहे. स्कॅनवर फक्त गाठ मोजून पान उलटणाऱ्या रेडिऑलॉजिस्टकडून नेमकी हीच दुसरी जागा सुटते. दुसऱ्या बाजूला, २०२३ साली इटलीतल्या वेरोना आणि इतर केंद्रांनी साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण एकत्र पाहिले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गाठ ३ सेंटिमीटरच्या आत आणि पाच वर्षं स्थिर, अशांचा धोका सामान्य लोकांइतकाच निघाला. दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षांचा आकडा लागू होतो. ऐंशीच्या आजींना दर दीड वर्षानं त्या यंत्राच्या बोगद्यात झोपवण्यानं मिळत काहीच नाही.

गाठीच्या आत काय चाललंय ते कळलं तर हा वाद बराचसा मिटेल. म्हणून सुईनं द्रव काढून त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्याचे प्रयत्न. सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे थेंब दोन बोटांत धरून ताणणं. सेंटिमीटरभर तार निघाली तर म्युसिनची शक्यता मोठी. छोट्या शहरातही करता येते, आणि महागड्या चाचण्यांच्या गर्दीत विसरली जाते. द्रवातलं सीईए हे प्रथिन १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर गाठ म्युसिनची आहे हे २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासानं दाखवलं, पण कर्करोगाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. हे रुग्णांना नीट समजावलं जात नाही, आणि 'सीईए हजारावर आलं' म्हणून घरात रडारड होते. द्रवातली साखर कमी असणं हीही म्युसिनच्या बाजूची खूण, आणि ती तर साध्या ग्लुकोमीटरवरही मोजता येते.

जनुकांच्या बाजूनं मोठी उडी २०११ ची. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटानं आयपीएमएनमध्ये जीएनएएस जनुकातला बदल शोधला; तो सुमारे दोन तृतीयांश गाठींत होता, आणि केआरएएस किंवा जीएनएएस यांपैकी एक तरी बिघाड ९६ टक्क्यांहून जास्त गाठींत. इतर प्रकारच्या सिस्टमध्ये जीएनएएस सापडला नाही. हा बिघाड २०१ व्या जागेवरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचा. त्यामुळे पेशीतलं एक बटण कायमचं चालू राहतं आणि स्राव थांबत नाही. गंमत म्हणजे कॉलराचं विष आतड्याच्या पेशीत ज्या आर्जिनिनला पकडतं, तो हाच. ते विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली शोधलं. म्हणजे एकाच बटणावर जंतू बोट ठेवतो तेव्हा माणूस काही तासांत कोरडा पडतो, आणि तेच बटण आतून बिघडतं तेव्हा वीस वर्षं हळूहळू चिकट द्रव साठत जातो.

या शोधाचा व्यवहारातला उपयोग मात्र अर्धवट आहे. केआरएएस आणि जीएनएएस सांगतात की ही आयपीएमएन आहे. ती बिघडली आहे का हे सांगायला टीपी५३, एसएमएडी४ अशा पुढच्या जनुकांकडे जावं लागतं, आणि तो बदल येतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे प्रकार अजूनही जास्त सांगतात. जठरासारख्या पेशींची गाठ बहुधा उपनलिकेत आणि सौम्य. आतड्यासारख्या पेशींची मुख्य नलिकेत, आणि ती बिघडली तर होणारा 'कोलॉइड' कर्करोग नेहमीच्या कर्करोगापेक्षा बराच सुसह्य. पित्तनलिकेसारख्या पेशींची गाठ सगळ्यात वाईट. चौथा प्रकार, गुलाबीसर दाणेदार पेशींचा, २०१९ च्या वर्गीकरणात वेगळा आजार म्हणून बाहेर काढला. पण हे सगळं गाठ कापून टेबलावर आल्यावर कळतं.

आणि कापणं सोपं नाही. डोक्यातल्या गाठीसाठी व्हिपलची शस्त्रक्रिया: स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्तनलिकेचा शेवट, लहान आतड्याचा पहिला भाग एकत्र काढून तीन ठिकाणी नवे जोड. शेपटीतली गाठ तुलनेनं सोपी, पण पुष्कळदा प्लीहाही जाते. सगळं स्वादुपिंड काढलं तर आयुष्यभर इन्सुलिन आणि प्रत्येक घासाबरोबर पाचक कॅप्सूल. भरपूर शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत व्हिपलनंतरचा मृत्युदर दोन-तीन टक्क्यांवर आला आहे. वर्षाला दोन-चार करणाऱ्या ठिकाणी तो कितीतरी जास्त असतो, आणि जोडातून रस गळण्याची डोकेदुखी तर चांगल्या केंद्रांतही आहे. आता हिशेब मांडा. पाच वर्षांत तीन टक्के धोका असलेल्या गाठीसाठी आजच तीन टक्के मृत्यूचा धोका पत्करायचा का? इथे उत्तर बहुतेकदा 'नाही' असंच येतं. उलट मुख्य नलिका १२ मिलिमीटरची आणि आत उंचवटा असेल तर उत्तर तितकंच स्पष्टपणे 'हो'. कर्करोग होण्याआधी काढलेल्या आयपीएमएनच्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त पाच वर्षांनी हयात असतात, आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत हा आकडा दुसरीकडे कुठे सहसा दिसत नाही. महाराष्ट्रातल्या रुग्णाला याचा अर्थ एवढाच की शस्त्रक्रिया ठरली तर ती परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, स्वादुपिंडाचं काम रोजचं असलेल्या ठिकाणी व्हावी. घराजवळच्या रुग्णालयातला ओळखीचा सर्जन हा निकष पित्ताशयाच्या खड्यांना चालतो, इथे नाही. एमसीएन काढली आणि आत कर्करोग नसला की विषय संपला. आयपीएमएन काढली तरी उरलेल्या स्वादुपिंडावर नजर ठेवावीच लागते.

सुईनंच गाठ आतून जाळून टाकायचेही प्रयोग झाले. आधी अल्कोहोल, मग अमेरिकेत २०१७ च्या एका चाचणीत नुसती कर्करोगाची औषधं. सिस्ट आकसतात हे खरं. पण आकसलेल्या भिंतीत काय उरलं हे कळत नाही, आणि अख्ख्या स्वादुपिंडाची जोखीम तर तशीच राहते. मला हा मार्ग फार आशादायक वाटत नाही.

पित्तनलिकेकडे वळलं की सगळा सूर बदलतो. फ्रान्समध्ये जाक कारोली यांनी १९५९ साली पित्तनलिकेतल्या अशा बोटासारख्या वाढीचं, 'पॅपिलोमॅटोसिस'चं, वर्णन केलं होतं. २००१ मध्ये पूर्व आशियात, यकृतातल्या पित्तखड्यांच्या रुग्णांत, यासुनी नाकानुमा आणि सहकाऱ्यांनी याच वाढीचा पद्धतशीर अभ्यास केला. २००६ मध्ये कानाझावातून तिचं आयपीएमएनशी असलेलं साम्य मांडलं गेलं आणि २०१० च्या वर्गीकरणात आयपीएनबी हे नाव आलं. साम्य योगायोगाचं नाही. गर्भात यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाचा एक भाग आतड्याच्या एकाच कोंबातून फुटतात. एचईएस१ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पित्तनलिकेत स्वादुपिंडाचं ऊतक तयार होतं, हे २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. मोठ्या पित्तनलिकांच्या भिंतीतल्या बारीक ग्रंथींमध्ये तर माणसातही कधीकधी स्वादुपिंडासारख्या पेशी सापडतात. नाकानुमा यांनी यावरून पित्तनलिकेचे आणि स्वादुपिंडाचे आजार जोडीजोडीनं पाहावेत असं सुचवलं.

पण बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळे. आयपीएनबीमध्ये म्युसिनचा पूर जेमतेम एक तृतीयांश रुग्णांतच दिसतो, जीएनएएसचा बिघाड विरळा, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्णांत कर्करोग भिंतीत शिरलेला असतो. म्हणून क्योतोसारखी 'थांबा आणि पाहा' मार्गदर्शिका इथे नाही. निदान झालं आणि रुग्णाला झेपणार असलं की यकृताचा तो भाग काढायचा. जपान-कोरियाच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये आयपीएनबीचे दोन प्रकार पाडले: पहिला यकृताच्या आतल्या नलिकांतला, रचनेनं नेटका, आयपीएमएनच्या जवळचा, दुसरा यकृताबाहेरच्या नलिकेतला, वेडावाकडा आणि बहुधा आधीच पसरलेला. निदान चुकतं ते कावीळ येते-जाते म्हणून. म्युसिनचा गोळा अडकला की डोळे पिवळे, थंडी वाजून ताप. तो निसटला की सगळं ठीक. मधल्या काळात रुग्णाला खड्यासाठी एकदोन ईआरसीपी झालेल्या असतात, स्टेंट घातलेला असतो आणि तोही म्युसिननं बुजलेला असतो. खडा वाटेत असेल तर नलिका सहसा त्याच्या वरच्या बाजूला फुगते. स्कॅनवर खडा नाही, तरी नलिका गाठीच्या वरही आणि खालीही फुगलेली असेल, तर म्युसिनचा विचार डोक्यात यायला हवा. वाढ नलिकेच्या अस्तरावरून पातळ थरानं दूरवर पसरते, त्यामुळे कुठे कापायचं हे ठरवायला नलिकेत बारीक कॅमेरा घालून पाहावं लागतं.

या गाठीमागची कारणं मात्र स्वादुपिंडातल्यांपेक्षा स्पष्ट आहेत. ईशान्य थायलंडच्या इसान भागात, खोन केनच्या आसपास, पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तिथे 'कोइ प्ला' हा कच्च्या माशाचा पदार्थ आवडीनं खाल्ला जातो, त्यातून ओपिस्थॉर्किस हा पानासारखा चपटा कृमी पित्तनलिकेत वस्तीला येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं. चीन-कोरियातला त्याचा भाईबंद क्लोनॉर्किस त्या यादीत २००९ मध्ये आला. कृमी एका गोळीनं मरतो, पण पुन्हा कच्चा मासा, पुन्हा कृमी. खोन केन विद्यापीठानं २०१३ पासून गावोगाव सोनोग्राफीची मोहीम उघडली ती म्हणूनच. तिथल्या सर्जनांच्या टेबलावर आयपीएनबी ही दुर्मीळ गोष्ट नाही.

दुसरं कारण ओसाकातलं. तिथल्या एका छापखान्यात प्रूफ छापणारे तरुण कामगार पित्तनलिकेच्या कर्करोगानं आजारी पडू लागले, काही तर पंचविशी-तिशीत. खोली बंदिस्त, हवा खेळती नाही, आणि शाई पुसायला दिवसभर १,२-डायक्लोरोप्रोपेन. शिंजी कुमागाई आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केलं; पुढे त्या एका जागेतल्या रुग्णांची संख्या १७ वर गेली. त्यांच्या काढलेल्या नलिकांमध्ये कर्करोगाच्या शेजारी आयपीएनबी आणि इतर पूर्वबदल पसरलेले होते, म्हणजे सगळं अस्तरच भाजून निघालं होतं. जपान सरकारनं तो व्यावसायिक आजार मानला, आणि २०१४ मध्ये ते रसायन कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेलं. आपल्याकडच्या छोट्या छापखान्यांत कोण कशानं रोलर पुसतं याची चौकशी या प्रकरणानंतर तरी व्हायला हवी होती.

आपल्याकडे या गाठींचं निदान करताना दोन स्थानिक सापळे आहेत. पहिला जुनाट स्वादुपिंडदाहाचा. केरळमध्ये पी. जे. गीवर्गीस यांनी आयुष्यभर अभ्यासलेला, तरुण वयात मोठे खडे आणि मधुमेह घेऊन येणारा प्रकार भारतभर दिसतो. या रुग्णांची मुख्य नलिका सहज १० मिलिमीटरची असते. मार्गदर्शिकेतला '१० मिलिमीटर' हा आकडा तिथे जसाच्या तसा वापरला तर खडे असलेल्या निम्म्या रुग्णांना आयपीएमएन म्हणावं लागेल. आणि उलट खडा दिसला म्हणून आयपीएमएन नाही असंही म्हणता येत नाही, कारण साचलेल्या म्युसिनमध्येही चुना बसतो. शिवाय अशा जुनाट स्वादुपिंडदाहात कर्करोगाचा धोका स्वतंत्रपणेच कित्येक पटींनी वाढलेला असतो. इथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडला पर्याय नाही.

दुसरा सापळा यकृतातला. स्वादुपिंडासारखी एमसीएन यकृतातही होते, तीही जवळपास फक्त स्त्रियांत, पडद्यांनी कप्पे पडलेली मोठी सिस्ट म्हणून. मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातून येणारी हायडॅटिड सिस्ट आपल्याकडे परिचयाची, त्यामुळे कप्प्यांची सिस्ट दिसली की तेच निदान लिहिलं जातं. मग अल्बेंडाझोलचे महिने, सिस्टचं छत उघडून आतलं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, आणि वर्षभरात सिस्ट पुन्हा तिथेच. एमसीएन मुळासकट, भिंतीसह काढावी लागते. छत कापून ती जात नाही. सिस्ट परत आली तर जुन्या स्लाइड्स पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्याव्यात, भिंतीत बीजांडकोशासारखं ऊतक आहे का ते पाहायला सांगावं. खर्च फारसा नसतो.

'किती वेळा पाहायचं' या मूळ प्रश्नाचं उत्तर आजवर एकाही मार्गदर्शिकेनं समोरासमोरच्या चाचणीवर उभं केलेलं नाही. सगळं मागे वळून पाहिलेल्या नोंदींवर आणि तज्ज्ञांच्या सहमतीवर आहे. अमेरिकेत २०२० मध्ये ईए२१८५ नावाची चाचणी सुरू झाली. ४,६०६ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटायचं, एका गटाला फुकुओकाचं दाट वेळापत्रक, दुसऱ्याला अमेरिकन असोसिएशनचं विरळ, आणि कुणात अघटित कमी घडतं ते वर्षानुवर्षं मोजायचं. निकाल लागेपर्यंत रिपोर्टच्या तळाशी ओळ आलेल्या माणसानं करायच्या गोष्टी साध्या आहेत: पहिली एमआरसीपी नीट करून घ्यावी, तिची सीडी आणि मापं जपून ठेवावीत, पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करावी म्हणजे १४ चे १६ मिलिमीटर खरोखर झाले की मोजणारा बदलला हे कळेल, सिगारेट सोडावी, आणि साखर अचानक वाढली तर ती फक्त मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवून थांबू नये.